घरचा संगणक सांभाळायचा कसा : गोव्यातल्या नवख्यांसाठी

"अँटिव्हायरस कुठला घेऊ?" नवा संगणक घरात आला की पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचं उत्तर मिळालं की बहुतेक घरांत सुरक्षेचा विचार तिथेच थांबतो. उत्तर सोपं आहे. विंडोजसोबत विंडोज सिक्युरिटी नावाचा अँटिव्हायरस आलेलाच असतो. तो फुकट आहे आणि घरच्या वापराला पुरतो. तो चालू आहे एवढं पाहा आणि ते पैसे वाचवा, कारण पुढे एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यायला सांगणार आहे.

घरातून खरोखर जातात ते पैसे, फोटो आणि ईमेलचं खातं. आणि ते बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या हातून, कुणीतरी घाई केली म्हणून जातात. मुलगा बोटीवर नोकरीला, मुलगी पुण्याला नाहीतर लंडनला, आणि घरी आई-बाबा, एक जुना लॅपटॉप, दोन मोबाईल, एक वायफायचा डबा. पेडण्यापासून काणकोणापर्यंत अशी घरं गावोगाव आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठीच आहे. कामं ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने करा. मुलं चवथीला घरी आली की त्यांना शेजारी बसवा, पण माऊस आपल्याच हातात ठेवा. दुसऱ्याने करून दिलेलं काम पुढच्या वेळी आठवत नाही.

पहिलं काम : ईमेलला दुसरं कुलूप

बँक, मोबाईल कंपनी, वीज बिल, रेल्वेचं तिकीट, सगळीकडे पासवर्ड विसरलात तर नवा पासवर्ड लावण्याची लिंक ईमेलवर येते. म्हणजे ज्याच्या हाती तुमचं ईमेल, त्याच्या हाती बाकी जवळपास सगळं. म्हणून सुरुवात इथून.

जीमेल उघडा. उजवीकडे वर तुमच्या नावाचं अक्षर किंवा फोटो असलेलं वर्तुळ दिसेल, त्यावर क्लिक करून गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये जा आणि सिक्युरिटीचं पान उघडा. तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. यानंतर नव्या यंत्रावरून कुणी पासवर्ड टाकला तरी तुमच्या फोनवर विचारणा आल्याशिवाय आत जाता येणार नाही. त्याच ठिकाणी बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा. ते कागदावर छापून घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत ठेवा. फोन हरवला, समुद्रात पडला, पावसात भिजून बंद पडला, तर खात्यात परत शिरायची वाट या कागदावरच असते.

त्याच पानावर रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तपासा. खातं मुलाने उघडून दिलेलं असतं आणि रिकव्हरीला त्याचा जुना नंबर असतो, असं मी फार घरांत पाहिलं आहे. मुलगा बाहेर गेल्यावर तो नंबर रिचार्ज होत नाही, काही महिन्यांनी बंद पडतो आणि पुढे कंपनी तो दुसऱ्याच कुणाला देते. आज वापरात असलेला, तुमच्या स्वतःच्या खिशातला नंबर तिथे घाला.

आता पासवर्ड. कुलदैवताचं नाव आणि पुढे १२३, स्कूटरचा नंबर, नातवाची जन्मतारीख, असे पासवर्ड कुणीही ओळखतो. चिन्हांची कसरत करण्यापेक्षा लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहा, जसं नारळ, इस्त्री, कदंबा, पावणेसात. हेच चार मात्र घेऊ नका, स्वतःचे शोधा. ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरायचा नाही, एवढा एक नियम पाळलात तरी मोठं काम झालं. बाकीचे पासवर्ड क्रोमला किंवा बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरला लक्षात ठेवू द्या. ते जमत नसेल तर वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. वहीत लिहिणं धोक्याचं, असं बरेच जण सांगतात. मला ते घरच्या बाबतीत पटत नाही. हजार किलोमीटरवरून फोन करणाऱ्या ठगाला तुमचं कपाट उघडता येत नाही. फक्त त्या वहीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, आणि बँकेचा पिन त्यात लिहू नका.

व्हॉट्सअ‍ॅपलाही असंच दुसरं कुलूप आहे. सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, आणि सहा आकडी पिन. दोन मिनिटांचं काम आहे, आत्ताच करून टाका.

दुसरं काम : विंडोज कुठली आहे ते बघा

कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल, तिच्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरं टाकून एंटर करा. विंडोज १० की ११ ते कळेल.

विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरच्या वापरकर्त्यांना सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. नोंदणी केली नाही तरी संगणक पूर्वीसारखाच चालतो, पण त्यातली नवी भोकं बुजवायला कुणी येत नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तुमचा संगणक ११ चालवू शकतो की नाही ते लिहिलेलं असतं. चालवत असेल तर ११ वर जा, ते फुकट आहे. मुलांना गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत मिळालेले जे जुने लॅपटॉप अजून घरांत आहेत त्यांच्यावर विंडोज ११ बहुधा बसणार नाही, कारण त्यासाठी टीपीएम २.० नावाची चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. अशा लॅपटॉपवर फक्त बातम्या, यूट्यूब आणि ईमेल बघत असाल तर जाणत्या माणसाकडून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घ्या. फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि अपडेट नियमित येतात. बँकेचं काम मात्र अपडेट बंद झालेल्या विंडोजवरून करू नका, मग तो संगणक कितीही जवळचा असो.

दुकानात "फुल लोड" करून देतात त्याविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. म्हणजे विंडोज क्रॅक, ऑफिस क्रॅक, फोटोशॉप क्रॅक. क्रॅक म्हणजे पैसे न भरता, कुलूप मोडून चालवलेलं सॉफ्टवेअर. ही क्रॅक चालावीत म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि तो बंद असताना आणखी काय आत शिरलं हे दुकानदारालाही माहीत नसतं. पत्र लिहायला आणि हिशेब ठेवायला लिब्रेऑफिस फुकट आहे. मराठी टायपिंगसाठी कुठल्या तरी साइटवरून सॉफ्टवेअर उतरवायचीही गरज नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या भागात मराठी जोडा आणि कीबोर्डांच्या यादीतून मराठी फोनेटिक निवडा. रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटते. फॉन्टच्या आणि टायपिंगच्या नावाखाली नको त्या गोष्टी घेऊन बसलेले संगणक फार दिसतात, म्हणून हे आवर्जून सांगतो.

तिसरं काम : वीज, पाऊस आणि फोटोंच्या प्रती

संगणकाच्या सुरक्षेवरच्या लेखांत विजेचा उल्लेख क्वचित येतो. गोव्यात तो आधी यायला हवा. मे महिन्यातला वळवाचा गडगडाट आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस या दोन काळांत जेवढे मोडेम, अ‍ॅडॅप्टर आणि मदरबोर्ड जळतात तेवढे व्हायरसने मरत नाहीत.

गडगडाट ऐकू आला की बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून काढायचा. मोडेमचाही काढायचा. इंटरनेट फायबरचं असेल तर काचेच्या तारेतून वीज येत नाही, ती अ‍ॅडॅप्टरमधून येते. पण बऱ्याच वाड्यांवर केबलवाल्याने खांबावरच्या डब्यापासून घरापर्यंत तांब्याची लॅन वायर ओढलेली असते. ती वायर माडाच्या झावळ्यांतून येते आणि विजेचा झटका सरळ संगणकापर्यंत आणते. तिचंही टोक काढून ठेवा. जुन्या घरांत अर्थिंग आहे का, हे एकदा वायरमनला विचारा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या भोकात खुपसलेला असेल तर ते आधी सुधारा. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस घ्या, त्यावर संगणक आणि मोडेम जोडा, लेझर प्रिंटर जोडू नका. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. दिवे गेल्यावर क्षणात सगळं बंद होत असेल तर तीच संपलेली असते.

जुलै-ऑगस्टमध्ये न वापरता ठेवलेल्या संगणकात दमटपणा शिरतो. दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवा, आतली ऊब पुरेशी असते. बंद केल्या केल्या प्लॅस्टिकचं आच्छादन घालू नका.

एवढं सगळं करूनही डिस्क एक दिवस मरतेच. म्हणून प्रती. घरात कुठल्या गोष्टी परत मिळत नाहीत त्याची आधी यादी करा. मुलांचे लहानपणचे फोटो, गेलेल्या माणसांचे आवाज, लग्नाचा व्हिडिओ. जमिनीचा एक-चौदाचा उतारा सरकारी साइटवरून पुन्हा काढता येतो, आजीचा ओव्या म्हणतानाचा व्हिडिओ पुन्हा काढता येत नाही. मूळ संगणकात, एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, अशी वाटणी करा. घराबाहेर म्हणजे गूगल ड्राइव्ह चालेल, पण फुकट जागा १५ जीबी असते आणि ती जीमेल आणि फोटो मिळून असते. १ जून २०२१ पासून गूगलवर फोटोही त्याच १५ जीबीत मोजले जातात. जागा भरली तर दुसरी हार्ड डिस्क घेऊन ती फोंड्याच्या बहिणीकडे ठेवा आणि चवथ-दिवाळीला जाल तेव्हा नवे फोटो भरून आणा. ही पद्धत जुनाट वाटेल, पण ती अनेक वर्षं चालते.

हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नका. प्रत काढली, डिस्क काढली. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे जे व्हायरस आहेत ते जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतात, आणि वीज पडली तर दोन्ही एकदम जातात. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि वर्षातून एकदा तिच्यातले चार फोटो उघडून बघा. प्रत काढली होती पण उघडतच नाही, हे गरज पडली त्या दिवशी कळू नये.

दुरुस्तीला द्यायच्या आधी एक गोष्ट तपासा, ती बहुतेकांना ठाऊक नसते. नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. याला बिटलॉकर म्हणतात. मदरबोर्ड बदलला की तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आणि ते खातं कुठल्या ईमेलवर उघडलं हेच लोकांना आठवत नाही. संगणक धड चालतो आहे तोवर ती शोधून कागदावर लिहून ठेवा.

वायफाय, पाहुणे आणि झेरॉक्सचं दुकान

वायफायचा पासवर्ड जोडणी करणाऱ्याने बहुधा तुमचा मोबाईल नंबरच ठेवलेला असतो. तो बदला. खोल्या भाड्याने देत असाल तर पाहुण्यांसाठी राउटरमध्ये, म्हणजे वायफायच्या डब्यात, गेस्ट नेटवर्क चालू करा, घरचा पासवर्ड त्यांना देऊ नका. राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरायचाही एक वेगळा पासवर्ड असतो, तो अजून अ‍ॅडमिनच असेल तर जोडणीवाल्याला बोलावून बदलून घ्या.

झेरॉक्सच्या दुकानात कागद छापायला गेलात तर तिथल्या संगणकावर आपलं जीमेल उघडू नका. उघडलं असेल तर घरी येऊन गूगलच्या सिक्युरिटीच्या पानावर तुमच्या उपकरणांची यादी बघा आणि ओळखीचं नसलेलं उपकरण साइन-आउट करा. दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह आधी स्कॅन करा. आधारची प्रत द्यायची तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

चौथं काम : पैशाच्या वाटा अरुंद करा

सगळी बचत ज्या खात्यात आहे तेच खातं यूपीआयला जोडणं मला अजिबात मान्य नाही. दुसरं छोटं खातं उघडा, त्यात महिन्याच्या बाजारापुरते पैसे ठेवा आणि यूपीआय त्यालाच जोडा. पेन्शन, ठेवी, सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं फोनपासून दूर राहू द्या. फसलातच तर जाणारी रक्कम आधीच ठरलेली असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाची ऑनलाइन मर्यादा कमी करा आणि परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद ठेवा.

यूपीआयचा नियम एका ओळीचा आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि काही स्कॅनही करावं लागत नाही. गोव्यात हा नियम विशेष उपयोगी आहे, कारण इथे खोली, फ्लॅट, जुनी स्कूटर यांची जाहिरात कुणी ना कुणी ऑनलाइन टाकलेली असते. जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन येतो. पलीकडचा आपण सैन्यात आहोत, वास्कोला बदली झाली आहे असं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, घर न बघताच पसंत करतो, आणि आगाऊ रक्कम पाठवायला म्हणून क्यूआर कोड पाठवतो. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. घर न बघता भाडं द्यायला तयार असलेला माणूस भेटला की तिथेच थांबा.

बँकेची साइट ओळखायला आता एक खूण आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते डॉट बँक डॉट इन या शेवटाकडे न्यायचे होते. म्हणून पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीच्या जोडरेघा सोडून पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचं आहे ते खरं नाव. सुरुवातीला बँकेचं नाव लिहिलेलं असेल आणि शेवटी केवायसी डॉट कॉम असं काही असेल, तर ते पान बँकेचं नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. मधल्या वाटेत कुणी वाचत नाही एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलं आहे हे ते सांगत नाही.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. वर येणाऱ्या जाहिरातींत ठगांचे नंबर असतात. कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा, बिलावरचा नंबर घ्या.

पाचवं काम : फोनवरचा माणूस

आतापर्यंतची कामं एका दुपारी होतात. हे काम रोजचं आहे आणि घरातल्या प्रत्येकाने करायचं आहे.

फसवणुकीच्या फोनांचे विषय बदलतात, चाल बदलत नाही. आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. तुमचा मुलगा पकडला गेला आहे. केवायसी संपली, खातं बंद होईल. प्रत्येक वेळी भीती दाखवायची, वेळ द्यायची नाही आणि दुसऱ्याशी बोलू द्यायचं नाही. म्हणून घरात एकच नियम ठरवा : फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर आपण फोन करायचा. वीज खात्याचं काही असेल तर १९१२ ला, नाहीतर सरळ आपल्या भागातल्या कार्यालयात. बँकेचं असेल तर शाखेत. खरं काम असेल तर ते अर्ध्या तासाने पळून जात नाही. फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं, आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना ते फार जड जातं. त्यांना आधीच सांगून ठेवा की अशा वेळी फोन ठेवला तर घरचं कुणी नावं ठेवणार नाही.

ज्यांची मुलं बोटीवर आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगतो, कारण तिथे ही चाल सगळ्यात जास्त लागू पडते. बोट समुद्रात असते, मुलाचा फोन लागत नाही, आणि नेमका तेव्हाच "तुमच्या मुलाला बंदरावर धरलंय" असा फोन येतो. खात्री करायला जागाच नसते. म्हणून मुलगा बोटीवर चढण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या : त्याला पाठवणाऱ्या कंपनीच्या मुंबई किंवा गोव्यातल्या कार्यालयाचा नंबर, त्याच्यासोबतच्या एखाद्या गोमंतकीय सहकाऱ्याच्या घरचा नंबर, आणि घरात ठरवलेला एक खुणेचा शब्द. आता यंत्राने माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, तेव्हा फोनवर "आई, मी बोलतोय" ऐकू आलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. शब्द विचारायचा. तो शब्द कुठे लिहायचा नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही, जेवताना तोंडी ठरवायचा.

डिजिटल अरेस्ट असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, कस्टम्स, न्यायालय यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि खात्याची तपासणी म्हणून पैसे दुसऱ्या खात्यात भरायला सांगत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनीही याच फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. तरी निवृत्त, शिकलेली, एकटी राहणारी माणसं यात अडकतात, कारण समोर गणवेश दिसतो आणि कॅमेरा बंद करायची बंदी असते. शेजाऱ्यांनी इथे लक्ष ठेवायला हवं. शेजारच्या काकी दोन दिवस दार उघडत नाहीत, फोनवर हळू बोलतात, अचानक ठेव मोडायला निघतात, तर आत जाऊन विचारा.

संगणकावर कधी कधी अख्खा पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि "तुमचा संगणक बंद केला आहे, या नंबरवर फोन करा" असं येतं. संगणकाला काही झालेलं नसतं, ते नुसतं वेबपान आहे. एस्केपची कळ दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ-४ दाबा. नाहीच गेलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर जुनी पानं उघडू का विचारेल, नको म्हणा. त्या नंबरवर फोन केलात तर पलीकडचा एनीडेस्कसारखं दुरून संगणक चालवायचं अ‍ॅप टाकायला लावतो. अमेरिकेतल्या लोकांना असंच फसवणारी बेकायदा कॉल सेंटरं गोव्यातही पोलिसांनी पकडली आहेत, म्हणजे ते किती रीतसर चालतं याची कल्पना यावी. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून असलं अ‍ॅप घ्यायचं नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर स्क्रीन शेअर करायची नाही.

मोबाईलवर लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून एपीके नावाने संपणारी फाइल आली तर ती उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरी. त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि ते तुमचे ओटीपी वाचून पुढे पाठवतं.

शेअर बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम गटांबद्दल एकच सांगतो. अ‍ॅपमध्ये नफा दिसतो पण काढायला गेल्यावर आधी कर भरा म्हणतात, तिथे नफा नसतोच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंद नसलेल्या कुणालाही गुंतवणुकीसाठी रुपया देऊ नका.

पैसे गेलेच तर

पहिल्या तासात जे कराल त्यावर सगळं अवलंबून आहे. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात हलवत असतात. ते बाहेर काढले जायच्या आत वाटेतलं खातं गोठलं तर पैसे वाचू शकतात.

लगेच १९३० ला फोन करा. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. तुमचा खाते क्रमांक, किती पैसे, किती वाजता आणि व्यवहाराचा क्रमांक ते विचारतील. यूपीआयचा १२ आकडी क्रमांक अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर क्लिक केलं की दिसतो. फोन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार टाका. घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याच वेळी बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांगावं. फोनमध्ये कुठलं अ‍ॅप टाकलं असेल तर इंटरनेट बंद करा, पण मेसेज, कॉलची यादी, चॅट काहीही पुसू नका. लाजेपोटी लोक हेच आधी पुसतात, आणि पुरावा तिथेच जातो. मोबाईलचं नेटवर्क अचानक गेलं आणि बराच वेळ आलं नाही, तर तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलं असेल. दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवा.

तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. मग बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमांत, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुठे आहे, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर जबाबदारी येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्ही बाबतींत कळवल्याची वेळ महत्त्वाची ठरते, म्हणून पोच हवी. रायबंदरच्या सायबर पोलीस स्थानकात जाताना किंवा जवळच्या पोलीस स्थानकात जाताना हेच कागद, पासबुकाची प्रत आणि स्क्रीनशॉट छापून न्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. अर्जाला शिक्का मारलेली पोच जोडा.